दुसरा भाग यायच्या आधी

भुताखेतांच्या पुस्तकांवर शिक्के मारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण भुतांवर विश्वास काही बसला नाही. आजही नाही. भंडाऱ्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी लागले. किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा, मला कंटाळा आलाय. भय, रहस्य, परग्रह, जादूची राज्यं... हे कपाट आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरतं. वाचक पुस्तक परत करताना डोळे मोठे करून सांगतात — मॅडम, झोपच नाही आली! मी म्हणते, ते राहू द्या, कव्हर कोणी फाडलं ते सांगा.

तर अशी मी. या धाग्यावरचे तुमचे अमानवीय अनुभव वाचते, अर्ध्यांवर हसते. आज स्वतःच लिहायला बसले, कारण ही गोष्ट डोक्यात घेऊन फिरून फिरून दमले आहे.

आमचं घर ठाण्याला. मुंबईवाल्यांनो, तुमचं ठाणं नव्हे... जवाहरनगरच्या फॅक्टरीजवळ हायवेला लागून आमचं ठाणा आहे, ते. मूळचे आम्ही मोहाडीचे कोष्टी. आजोबांपर्यंत घरात माग होता. बाबूजींनी माग सोडून फॅक्टरीत नोकरी धरली, आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून जवळच दोन खोल्या बांधल्या. कारण काय, तर फॅक्टरीचा भोंगा ऐकू आला पाहिजे, त्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आई लवकर गेली. मी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारे नातेवाईक आता थकले, आणि उत्तर देऊन देऊन मीही.

काचबिंदूनं बाबूजींची नजर गेली तेव्हापासून संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यात ही जुनी रीत होती. मागावर बसलेल्याचे हातपाय गुंतलेले, म्हणून घरातल्या एकानं शेजारी बसून पोथी वाचायची. लहानपणी बाबूजीच वाचायचे. त्यात एक नियम होता: गोष्टीतला माणूस संकटात असताना पोथी मिटायची नाही. दोन ओव्या जास्तीच्या वाचायच्या, त्याला बाहेर काढायचं, मग नमस्कार करून उठायचं.

मी पहिल्या दिवशी पोथीच घेऊन बसले, तर म्हणाले, "पोथी मले पाठ आहे वो. जे मले माहीत नाही ते वाच ना."

आणि त्यांना जे माहीत नव्हतं ते म्हणजे भुतं, यंत्रमानव आणि दुसऱ्या जगात उघडणारी भुयारं. फॅक्टरीत आयुष्यभर नियमांत राहिलेला माणूस म्हातारपणी या नादाला लागला. नियम मात्र पोथीचाच! आता तुम्हीच सांगा, भयकथेतलं कुठलं प्रकरण माणसाला सुखरूप सोडून संपतं? प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजतंय, नाहीतर दिवा विझतोय. मी पुस्तक मिटायला गेले की बाबूजी हात वर करायचे. "थांब. त्याले तसाच सोडून जाशील काय?" मग आणखी दोन पानं.

माझा एक गुन्हा कबूल करते. नवीन पार्सल आलं की आधी दाखल रजिस्टरमध्ये नोंद, मग शिक्का, मग क्रमांक, आणि त्यानंतरच पुस्तक बाहेर, असा नियम आहे. मी कोरं पुस्तक आधी पिशवीत टाकून घरी न्यायची, वाचून झालं की आणून शिक्का मारायची. बाबूजी ते हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवायचे, मधोमध उघडून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "शाईचा वास नाही शिक्क्याच्या. म्हणजे आज आपलाच पहिला नंबर." त्या एका वाक्यासाठी मी तो गुन्हा पंधरा वर्षं केला.

शेजारच्या सुमनकाकूही तांदूळ निवडत ऐकायला बसायच्या. दिवसभर मी नसताना बाबूजींकडे त्याच बघत. त्यांना लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

कोरोना यायच्या वर्षभर आधीचा हिवाळा. पार्सलात एक नवी कादंबरी आली होती. नाव देत नाही, लेखकाला उगाच त्रास नको. गोष्ट अशी — एका गावच्या पाण्याच्या टाकीवर वासुदेव नावाचा ऑपरेटर असतो. त्याची बायको एक दिवस नाहीशी होते. त्यानंतर टाकीखालच्या पंपघरात त्याला एक दार दिसतं, जे काल नव्हतं. दाराच्या आत तेच गाव, तेच रस्ते, पण तिथं एक माणूस कमी. त्या गावाच्या पंपघरात पुन्हा एक दार... असा तो बायकोला शोधत एकामागून एक दारं ओलांडत जातो. चौथं दार मागे बंद होतं, आतून कडीच नसते, आणि तिथंच पुस्तक खलास. खाली बारीक अक्षरात — दुसरा भाग लवकरच.

बाबूजी उठूनच बसले. "लवकरच म्हंजे कधी?"

"येईल ना बाबूजी."

"अन् तवरीक तो तिथंच बंद राहीन काय?"

मी हसले. तेव्हा हसता येत होतं. महिन्याभरात त्यांच्या पायांवर सूज आली, जेवण सुटलं. नागपूरला दाखवलं. किडन्या गेल्या होत्या आणि वय बघता डॉक्टरांनी सरळच सांगितलं, आता घरीच ठेवा, जे आवडेल ते द्या. जे आवडेल ते! खाण्यापिण्यावरची वासना तर उडालीच होती. त्यांना या जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती छापूनच झाली नव्हती. पुस्तकविक्रेत्याला मी चार वेळा फोन केला. शेवटी तो म्हणाला, मॅडम, आला की आधी तुम्हालाच देतो, पण माझा जीव नका खाऊ.

रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत आतून आवाज यायचा, "आला काय?"

एका सोमवारी मी म्हटलं, "आला."

नुकतंच आलेलं दुसरंच एक पुस्तक होतं पिशवीत, राजकन्या आणि अजगराचं. जाडी साधारण सारखी. बाबूजींनी पाठीवरून बोट फिरवलं, वास घेतला. मला वाटलं, पकडली जाणार. पण ते उशीला टेकले. "वाच."

आणि मी वाचायला लागले. म्हणजे अजगराच्या पानाकडे बघत वासुदेवचं जे तोंडाला येईल ते बोलायला लागले. आयुष्यात मी शाळेच्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. पण खरं सांगते, अडखळले नाही. थांबून विचार करावा लागला नाही. पाचव्या दाराआडच्या गावात एक तलाव होता, त्याच्या पाळीवर एक बाई शिंगाडे सोलत बसली होती, तिच्या उजव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला होता, आणि ती वर न बघता वासुदेवला म्हणाली, तुझ्या आधी तूच येऊन गेलास इथून. हे कुठून आलं? शिंगाडे आमच्याकडे तलावातलेच, ते मी जन्मभर बघतेय. पण अंगठ्याला ट्यूब बांधलेली बाई मी कुठंच बघितलेली नाही.

पान उलटायचं भान मात्र ठेवलं होतं. कान तिखट होता त्यांचा.

असे पंधरा-सोळा दिवस गेले. दिवसभर वाचनालय, मग गर्दीच्या बसनं ठाणा, मग स्वयंपाक, त्यांचं अंग पुसणं, चादर बदलणं, आणि त्यानंतर वासुदेव. सुमनकाकूंना मी पुस्तकाचं खरं काय ते सांगितलं नव्हतं. त्या तांदळातले खडे काढता काढता म्हणायच्या, "बापा, काय लिवते हा माणूस!" मला मनातल्या मनात गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू.

आणि मग वाचनालयाची वार्षिक तपासणी आली. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तीन दिवस आम्ही रजिस्टरं, याद्या आणि कपाटं यांच्यात मान घालून होतो. तिसऱ्या दिवशी तपासणी आटोपून घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि माझं डोकं फुटायला आलं होतं. चादर खराब झालेली. ती बदलली, धुवायला टाकली. पाठीत उसण भरली. सुमनकाकू बाहेर पायरीवर बसल्या होत्या. आतून आवाज आला, "वाचतेस काय वो?"

मी बसले. पुस्तक उघडलं. आणि मला वाटलं, हे संपलं पाहिजे. आजच. मी या गोष्टीला आणखी एक दिवस पुरणार नाही. वासुदेव शेवटच्या दाराशी आला होता, आतून बायकोचा आवाज येत होता. मी त्याला दारात ढकलला, वरची टाकी कोसळवली, पाण्यात त्याला बुडवला, आणि म्हटलं, "समाप्त." सगळं मिळून पाच मिनिटं. माणूस संकटात असताना पुस्तक मिटलं, तेही त्याला मारून.

बाबूजींनी हात वर केला. मग म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"आहे बाबूजी. वाचलं ना मी आत्ता."

"इतके दिवस तू वाचून रायली होती. आज तू सांगून रायली. मले समजते ना त्यातला फरक."

मला जे काही झालं ते सांगायला लाज वाटते. मी ओरडले. आजारी, आंधळ्या बापावर. "तुमाले एवढं समजते तर तुमीच सांगा ना पुढचं! कायले मले छळता?"

ते रागावले नाहीत. कुणाला पत्ता समजावून सांगावा तसं शांतपणे सांगायला लागले. "तो मरत नाही. आतच जात नाही तो. बायको हाका मारते, हा उंबरठ्यावर उभा राहते. मंग त्याले आठवते, गावाले पाणी सोडायची वेळ झाली. चाबी घेते अन् पलटते. मांगं पाहत नाही." मग म्हणाले, "पण ते शेवटाले आहे. मधात लय काही आहे अजून. जाय, झोप आता. थकली तू."

मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन त्यावर शिक्का मारला. त्यानंतर बाबूजींनी वाच म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी ते गेले. भोंगा व्हायच्या आधीच.

इथपर्यंत अमानवीय काही नाही. एक दमलेली बाई, एक म्हातारा बाप, घरोघरी मातीच्या चुली. मीही तसंच समजून दिवस काढत होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या पार्सलात दुसरा भाग आला.

मी तो नोंद न करताच पिशवीत टाकला... सवय. घरी आल्यावर चहा ठेवला आणि उभ्याउभ्याच पहिलं पान उघडलं. चहा उतू गेला, गॅस विझला, वास आला तेव्हा सुमनकाकू धावत आल्या.

पाचव्या दाराआड तलाव होता. पाळीवर शिंगाडे सोलणारी बाई होती. उजव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. "तुझ्या आधी तूच येऊन गेलास इथून." अवतरणचिन्हांसकट.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, दुःखात माणसाला आठवणींचा घोळ होतो. मीही स्वतःला तेच म्हटलं. म्हणून काकूंना बसवलं आणि काही न सांगता मधलंच एक पान काढून वाचायला लागले. सहाव्या गावात सगळ्या घरांना कुलूप, आणि किल्ल्या एका लिंबाच्या झाडाला टांगलेल्या. चार ओळी झाल्या असतील नसतील, काकू म्हणाल्या, "हे तं मागंच वाचलं होतं ना तू बाबूजीले? आता काहून परत? मंग तो कुत्रा किल्ली पळवते, तेच ना?"

पुढच्याच पानावर कुत्र्यानं किल्ली पळवली.

त्या आठवड्यात मी पुस्तक ओळीवर बोट ठेवून वाचलं. प्रत्येक शब्द जुळतो असा माझा दावा नाही, कारण मी काय बोलले ते कुणी टेप केलेलं नाही. पण गावं तीच, माणसं तीच, क्रम तोच. अगदी तपासणीच्या त्या संध्याकाळपर्यंत. वासुदेव शेवटच्या दाराशी येतो, आतून बायकोचा आवाज येतो... आणि मग पुस्तक वेगळं होतं. तो आत पडत नाही, टाकी कोसळत नाही. उंबरठ्यावर थांबतो, आणि तिथून पुढे अजून अठ्ठावन्न पानं आहेत. मी ती वाचली नाहीत. एकदम शेवटचं पान उघडलं. पाणी सोडायची वेळ झालेली असते. वासुदेव किल्ली उचलतो, वळतो, मागे बघत नाही.

मी स्टुलावर बसून राहिले. रडले का, विचाराल तर नाही. घाम आला फक्त, नोव्हेंबरात.

जे करायचं ते सगळं केलं. प्रकाशकांना ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं की दोन्ही भागांचं हस्तलिखित एकदमच आलं होतं, पहिला भाग छापायच्याही आधी. दुसरा काही कारणानं मागे राहिला. म्हणजे माझं ऐकून कुणी लिहिलं, ही शंका मिटली. लेखकांचा नंबर मिळवून फोन केला. सज्जन गृहस्थ, कोकणातले रिटायर्ड मास्तर. नागपूरच्या पलीकडे कधी आलेले नाहीत. म्हणाले, शिंगाडे आम्ही उपासाच्या पिठातच पाहिलेत हो, ती बाई आपली अशीच सुचली. मी त्यांना बाबूजींचं सांगितलं नाही. काय सांगणार? तुमचं पुस्तक मी छापण्याआधी वाचलं, अजगराच्या पुस्तकातून?

एक प्रयोगही केला. ती अठ्ठावन्न पानं मला माहीत नाहीत ना? मग बघू. एका रविवारी दुपारी वाचनालयातून अजगराचं तेच पुस्तक आणलं, बाबूजींच्या पलंगाशेजारी त्याच जागी बसले, पान उघडलं आणि तोंड उघडलं. वासुदेव उंबरठ्यावर उभा आहे... पुढं? काही नाही. एक ओळ नाही. अर्धा तास बसले. अजगर आणि राजकन्या, तेवढंच दिसत होतं.

तेव्हापासून वाटतं की ते माझ्यातून येतच नव्हतं. ते कुठून येत होतं आणि कुणामुळे, हे मला सांगता येत नाही. विज्ञानाचे लोक योगायोग म्हणतील, देवभोळे आणखी काही म्हणतील, दोघांनाही माझा नमस्कार. मला कारण सापडलेलं नाही आणि शोधायची ताकदही उरलेली नाही.

भीती म्हणाल तर या सगळ्याची मला वाटत नाही. मला दुसरंच छळतं. आम्ही रोज सहा-सात पानं वाचायचो. अठ्ठावन्न पानांना किती दिवस लागले असते, हे वाचून दाखवणाऱ्याला सांगावं लागत नाही. "मधात लय काही आहे अजून," असं ते म्हणाले होते. ते ऐकायला ते जिवंत होते, शुद्धीत होते, पलंगावर कान देऊन पडलेले होते. नऊ संध्याकाळी होत्या माझ्या हातात. मी त्यांना टीव्ही लावून दिला.